सरपंचांची खालची सही

प्रतिस्वाक्षरी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लातूरच्या एका भाड्याच्या इमारतीत, उलट्या रचलेल्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून. जिल्हा नवा होता. इतका नवा, की जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेली कपाटं अजून दोरीतच होती आणि शिक्क्यांवरचं जुनं नाव ब्लेडनं खरवडून काढलेलं होतं. शिक्का मारला की जिल्ह्याच्या नावाच्या जागी एक जखम उमटायची आणि तिच्या शेजारी निळ्या शाईनं हातानं ‘लातूर’ लिहावं लागायचं. नांदेडला बी.ए. करून मी नुकताच कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो होतो, आणि माझं पहिलं सरकारी काम म्हणजे दिवसभर लातूर, लातूर, लातूर लिहिणं. एवढं नामस्मरण मी पुढं कशाचंच केलं नाही.

आमचे अव्वल कारकून, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, ते त्या कपाटांबरोबरच आले होते. म्हणजे त्यांनाही विचारलेलं नव्हतं. जुन्या गावी त्यांचं घर होतं, पेरूचं झाड होतं. इथं एक खोली आणि मालकाची तक्रार. तो सगळा राग ते कागदांवर काढत. त्यांनी एकदा मला समोर उभं केलं.

“सही म्हणजे काय?”

“नाव लिहिणं.”

“ते शाळेत. कचेरीत सही म्हणजे ‘हे मी म्हणतो’. आणि प्रतिस्वाक्षरी म्हणजे?”

मी कपाटाच्या दोरीकडं पाहिलं.

“‘हा असं म्हणाला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’ बस्स. पहिला बोलतो, दुसरा त्याच्या बोलण्याला जामीन राहतो. पण दुसऱ्यानं आधी तोंड उघडायचं नाही. समजलं का, मियाँ?”

जुन्या निजामी वळणानं ते सगळ्यांनाच मियाँ म्हणत. समजलं म्हणालो. समजलं काहीच नव्हतं. ते समजावलं आमच्या आईच्या विहिरीनं.

आमचं गाव नांदेडहून लातूरला येताना लोहा मागं टाकून, अहमदपूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. त्या वर्षी पाऊस आला होता म्हणायला हरकत नाही. पोस्टमन येतो तसा आला, दारातून डोकावला आणि गेला. पुढं मार्गशीर्षातच गावच्या विहिरींचा तळ दिसू लागला. टँकर लांबच्या तलावावर भरून यायचा. येईल तेव्हा यायचा. वेशीजवळच्या टाकीसमोर घागरींची रांग कायमची लावलेली. बायका घरी जात, घागरी तिथंच राहत. कुणाची घागर कुठली यावरून जी भाषा चालायची ती इथं लिहिण्यासारखी नाही, आणि मी ती चहाच्या टपरीवर मात्र पूर्ण म्हणून दाखवतो.

या सगळ्यात पाणी एकाच विहिरीला होतं, आणि ती विहीर आमची होती.

हे विनोदी का आहे ते सांगतो. आजोबांनी धम्म घेतला, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सरकारनं आमच्या वस्तीतल्या काही घरांना गायरानातली जमीन दिली. गायरान म्हणजे माळ. दगड आणि कुसळं. आमच्या वडलांनी त्यात सरकारी योजनेतून विहीर खोदायला घेतली तेव्हा अर्धं गाव हसायला आलं होतं. सरपंच तर काठाशी उभे राहून म्हणाले होते, “अरे, पाताळातल्या लोकायला दचकवून राहिलास की काय?” वडील खोदत राहिले. लागलं. लई गोड पाणी लागलं. तोवर हसणारे घरी गेले होते. वडील गेल्यावर जमीन आणि विहीर आईच्या नावावर लागली.

आता सरपंचांबद्दल. माणूस वाईट नव्हता. टँकरसाठी तालुक्याला खेटे त्यांनीच घातले होते. पण त्यांना एक सवय होती, आणि ती त्यांची एकट्याची नव्हती, साऱ्या गावाची होती. आमच्याकडं माणसं चावडीत ज्या क्रमानं बसतात त्याच क्रमानं कागदावर सह्या होत. वर सरपंच, मग पाटलाची घरं, मग बाकीची, आणि शेवटी खालच्या कडेला आमच्या वस्तीचे अंगठे. मजकूर लांबला आणि कागद संपला, तर आमचे अंगठे कागदाच्या पाठीवर. माझ्या आजोबांचे जेवढे अंगठे मी पाहिले तेवढे सगळे पाठीवरच. सरपंचांची सही मात्र कायम माथ्यावर, तीही कशी? नाव, मग खाली दोन रेघा, आणि रेघांखाली दोन गोल टिंबं. बैलगाडी उभी केल्यासारखी. लग्नपत्रिकेचा मसुदा दाखवायला नेला तरी ते त्यावर गाडी उभी करून द्यायचे.

तर असं ठरलं, की आमची विहीर दुष्काळापुरती गावासाठी सरकारनं घ्यावी, तिथं टँकर भरावा आणि वेशीच्या टाकीत आणून सोडावा. इथं वाचकांनी जरा थांबावं. सरळ घागर घेऊन विहिरीवर का येऊ नये? अंतर फार नव्हतं. पण आमच्या विहिरीतून शेंदलेलं पाणी ते आमचं पाणी, आणि तेच पाणी टँकरमधून आलं की सरकारी पाणी. सरकारी पाण्याला जात नसते. हा शोध गावात कुणी लावला माहीत नाही. पण पाणी शुद्ध करायला पत्र्याची टाकी आणि डिझेल पुरतं, हे आमच्या गावानं शास्त्राआधी सिद्ध केलं.

त्यासाठी मालकाचं संमतीपत्र लागायचं, आणि त्यावर सरपंचांची प्रतिस्वाक्षरी. एका रविवारी मी घरी असताना कोतवाल कागद घेऊन आले. कोतवाल आमच्याच भावकीतले, नात्यानं आईचे दीर.

“वयनी, हितं अंगठा उठवा. मी शाई आनलीय.”

आईनं हात पदराला पुसले आणि कागद माझ्याकडं दिला. “वाच.”

मी वाचलं. ‘गावच्या हद्दीतील विहीर सरपंच यांच्यामार्फत सार्वजनिक वापरास देण्यात येत आहे, त्यास जमीनधारक बाईंची हरकत नाही.’ वर माथ्यावर बैलगाडी उभी होतीच. अगदी खाली, कडेला, पेन्सिलीनं एक फुली मारलेली, आईच्या अंगठ्यासाठी.

“ह्यात देनारं कोन हाय?” आई म्हणाली.

“सरपंच.”

“आन मी?”

“तुझी हरकत नाही.”

“विहीर मपली, आन देनार ते?” ती कोतवालांकडं वळली. “भावजी, उद्या पाऊस पडंल. पाऊस पडल्यावर ह्यो कागद बोलंल का मी बोलंल?”

“कागद बोलंल की,” कोतवाल प्रामाणिकपणे म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या बाजूनं आलो आहोत. “पर वयनी, गाव तहानलंय.”

“पान्याला म्या कवा न्हाई म्हनलं? पहाटं पदर वडून येत्यात, नेत्यात. मी बगत बी न्हाई त्यांच्याकडं. न्हाई म्हनलं ते कागदाला. आन अंगठा तर मी देनारच न्हाई. मला सही येती.”

सही येत होती हे खरं. विहारात प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरायचा तिथं ती शिकली होती. सरावाला पाटी नव्हती; चुलीपुढची राख सारखी करून ती त्यात काडीनं नाव लिहायची आणि भाकरी फुगली की पुसून टाकायची. पण तोवर कुणी तिला सही मागितलीच नव्हती. सही शिकलेल्या माणसाचं यासारखं दुःख नाही.

मी तिला रावसाहेबांचा धडा ऐकवला. पहिला बोलतो, दुसरा पाहतो. पाहणाऱ्यानं खाली सही करायची.

तिला तो धडा एका फेरीत समजला, आणि फार आवडला. “मंजे मी म्हनायचं, आन सरपंचानं ‘पाह्यलं’ म्हनायचं? खाली?”

“खाली.”

“मग तसाच आना म्हनावं.”

कोतवाल गेले, आले, गेले, आले. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. सरपंचांचा निरोप असा, की आजवर सरपंचांची सही कुणाच्या खाली झालेली नाही आणि बाईनं रीत मोडू नये. आईचा उलटा निरोप असा, की रीत मोडायची नसंल तर ऱ्हाऊ द्या, विहीर कुठं पळून चाललीय. त्यावर सरपंचांनी विचारायला पाठवलं, की दोघांच्या सह्या एका ओळीत चालतील का. “एका वळीत तर टाकीवरच्या घागरी बी असत्यात, तरी भांडनं हुत्यात,” आई म्हणाली.

शेवटी टाकीवरच्या बायकांनी सरपंचांच्या घरात शिरून काय केलं ते मला ठाऊक नाही. पण कोतवालांनी जे सांगितलं ते असं, की सरपंचीणबाईंनी जेवायला वाढताना नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, ठेचा वाढला आणि तांब्या रिकामा ठेवला. “पानी?” असं सरपंचांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तुमची सही खाऊन बगा, वल्ली असंल.”

दुसरा मसुदा आला. ग्रामसेवकानं नीट लिहिलेला. विहीर आईची, देणारी आई, मुदत दुष्काळापुरती. कोतवालांनी तो आईकडं आणला, तिनं सही केली, कोतवालांनी तो सरपंचांकडं नेला, त्यांनी खाली सही केली. मी तेव्हा लातुरात होतो. प्रस्ताव तालुक्याहून फिरत आमच्या कचेरीत आला, माझ्याच टेबलावर आला, आणि आईचं नाव वर नि बैलगाडी खाली पाहून मी इतका हरखलो, की आवकच्या शिक्क्याशेजारी लातूर दोनदा लिहिलं. कागद रावसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“मियाँ, तुझ्या गावचे सरपंच भविष्य सांगतात काय?”

“का हो?”

“बाईंनी सही केली बुधवारी. सरपंचांनी ती पाहिली मंगळवारी.”

मी पाहिलं. खरंच. सरपंचांनी खाली सही केली होती, पण तारीख आदल्या दिवसाची टाकली होती! जागेनं दुसरे आले तर आले. दिवसानं तरी पहिले! त्यांच्या त्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं. सबंध मराठवाड्यात आपल्या मानाला कॅलेंडरमध्ये जागा शोधणारा असा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

कागद परत जाणार म्हणून सरपंच स्वतः एसटीनं लातूरला आले. धुळीनं पांढरे झालेले, पटका काखेत. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“अरे, तू हितं हायस का? मंग झालं. आपलंच पोरगं. मार शिक्का.”

“शिक्का माझ्याकडं आहे, पण मारायचा रावसाहेबांनी सांगितल्यावर.”

सरपंच रावसाहेबांसमोर बसले. रावसाहेबांनी कागद त्यांच्याकडं फिरवला.

“सरपंचसाहेब, इथं लिहिलंय, ‘माझ्या समक्ष सही केली’. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. बाईंनी सही केली तेव्हा आपण कुठं होता?”

“घरी.”

“आणि बाई?”

“तिच्या घरी.”

“मग पाहिलं कुणी?”

“कोतवालानं.”

“मग कोतवालच सरपंच झाले म्हणा की.”

सरपंच उठलेच. “म्हंजे मी आता तिच्या बांधावर जाऊन उभं ऱ्हाऊ? ती नाव लिवते ते बगत? साऱ्या गावादेखत?”

“साऱ्या गावादेखत नको,” रावसाहेब शांतपणे म्हणाले. “आपण एकट्यानं पाहिलं तरी चालतं. नाहीतर प्रस्ताव रद्द करू. टँकर तलावावरूनच येऊ द्या. तलावात अजून महिनाभर चिखल पुरेल.”

मला त्या क्षणी रावसाहेबांच्या पेरूच्या झाडाला जाऊन मिठी मारावीशी वाटली. पण सांगतो, त्यांना आमच्या आईची बाजू घ्यायची नव्हती. त्यांना आमच्या गावाची रीत ठाऊकच नव्हती. ते फक्त नियमाला धरून राग काढत होते. कधी कधी न्याय असाही होतो, पेरू खायला न मिळाल्यामुळं.

बाहेर आल्यावर सरपंच माझ्यासोबत चहा प्यायले. बशी फुंकून रिकामी केली. मग म्हणाले, “तुझी माय अंगठा देती तर काय बिघडलं असतं रे? अंगठ्याला येळ बी लागत न्हाई.”

“ती म्हणते, तिला सही येते.”

“हाव, येती,” ते म्हणाले. “समद्या गावाला कळलंय आता, तिला सही येती ते.”

पुढच्या रविवारी दुपारी ते आमच्या माळावर आले. एकटे येणार होते. पण टाकीवरच्या बायकांना पत्ता कोतवालांनी दिला असावा. त्या घागरी घेऊनच आल्या होत्या, आणि आज कुणी पदर ओढलेला नव्हता. काठाभोवती उभ्या राहिल्या. सरपंच उन्हात उभे. आईनं विहिरीच्या कठड्यावर घोंगडी टाकली, नव्यानं लिहून आणलेला कागद ठेवला, कागदावर खडा ठेवला.

“पेन द्या,” ती म्हणाली.

सरपंचांचं शाईचं पेन होतं, खिशाला लावलेलं, सोनेरी टोपणाचं. ते त्यांनी कुणालाही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. कोतवालांनी आभाळाकडं पाहिलं. पेन आईच्या हातात गेलं.

आणि मग तिनं सही केली. मंडळी, लिहिताना हातवारे करता येत नाहीत ही लिहिण्यातली मोठी गैरसोय आहे. एक अक्षर काढायचं, मान मागं घेऊन बघायचं, पेन उचलून निबावरची शाई बघायची, मग दुसरं. आधी सगळी अक्षरं सुटी, डोक्यावर काही नसलेली. स्वतःचं नाव, आमच्या वडलांचं नाव, आडनाव. उन्हानं सरपंचांच्या मानेवरून घाम निघाला. एक म्हातारी मागून म्हणाली, “ये बाई, आटप की, मपल्या घागरीला भेगा पडायल्या.” आई थांबली, वळली, म्हणाली, “पाच मिन्टं दम धर आत्या, तुझी घागर मला म्हाईत हाय, ती तुझ्याहून टनक हाय,” आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका दमात वरची रेघ ओढली.

“पाह्यलं का?” तिनं विचारलं.

“पाह्यलं,” सरपंच म्हणाले.

“मग करा.”

त्यांनी केली. खाली. दोन रेघा, दोन टिंबं, आणि तारीख त्याच दिवसाची. तारीख टाकताना बायकांपैकी तिघीचौघी मान लांब करून बघत होत्या, जणू त्यांना आकडे कळत होते.

एवढ्यावर संपलं असतं. पण सरपंच मघापासून उन्हात होते. ओठांवरून कोरडी जीभ फिरवत ते म्हणाले, “बाई, जरा पानी द्या.”

‘बाई’ तर ते नेहमीच म्हणायचे. ‘द्या’ हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आईनं डोळे बारीक केले. मी तिचा मुलगा; ते डोळे बारीक झाले की पुढं काय येतं ते मला माहीत होतं.

“टँकर अजून कुठं आलाय, सरपंच? मंजुरी बी न्हाई. हे पानी अजून सरकारी झालं न्हाई बगा. चालंल का?”

कुणी हसलं नाही. म्हणजे मोठ्यानं हसलं नाही. एक पोहरा आत पडल्याचा आवाज आला. कुणीतरी बाई मंजुरीची वाट न बघता शेंदू लागली होती. सरपंच त्या आवाजाकडं पाहत राहिले. मग खाली वाकले आणि ओंजळ पुढं केली. आईनं तांब्यानं वरून धार धरली. ते प्यायले. पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायले. मिशा पुसल्या.

“गोड हाय,” ते म्हणाले. दुष्काळात खोटं बोलायलाही ताकद लागते, तेवढी त्यांच्यात उरली नसावी.

“मग ते लिवा की,” आई म्हणाली.

“काय?”

“गोड हाय म्हनून. लिवा खाली. पाऊस पडल्यावर इसरताल.”

आता मात्र ते हसले. खरोखर हसले; खोदकामाच्या वेळी काठावर हसले होते त्यापेक्षा लहान, पण बऱ्यापैकी. कागद पुढं ओढून त्यांनी आपल्या सहीखाली लिहिलं, ‘पाणी पिऊन पाहिले. गोड आहे.’ आणि सवयीनं बैलगाडी उभी केली. पेनला टोपण लावणार, तेवढ्यात आईनं हात पुढं केला.

“आता कामून?”

“तुमी पेलात ते म्या पाह्यलं न्हवं का?” ती म्हणाली. “समक्ष.”

सोमवारी मी सोबत आणलेला कागद माझ्या टेबलावरून रावसाहेबांकडं गेला. ते वरून खाली वाचत गेले. बाई, मग सरपंच. त्याखाली पुन्हा सरपंच, मग पुन्हा बाई. नियमात न बसणारं काही सापडतं का ते शोधत असावेत. वेड्यावाकड्या अक्षरांवरून, डोक्यावरच्या लांबलचक रेघेवरून त्यांचं बोट फिरलं.

“तारखा बरोबर आहेत,” शेवटी ते म्हणाले, जरा नाराजीनं. त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि मारला. जिल्ह्याच्या नावाच्या जागी जखम उमटली. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला.

“लिही.”

मी लिहिलं, लातूर. या वेळी एकदाच, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी.